आसवाची उसळी : उत्पादक हेतू आणि व्यंजक हेतू

ग्रीष्मात वऱ्हाडातील पारा ४५ अंशांच्या घरात जातो. अमरावतीहून आलेले औषधांचे खोके अशा उन्हात हादरे खात वलगावला पोहोचते. दुकानदाराने कुमारीआसवाची बाटली उघडताच फेस उसळला, तर दोष साहजिकच हादऱ्यांना दिला जातो. हे निदान अपुरे आहे, असे आम्हांस वाटते.

प्रथम सोडावॉटरचा विचार करू. जोसेफ प्रिस्टली यांनी लीड्स येथील मद्यनिर्मितीच्या कुंडांवरील वायू पाण्यात मिसळून पाहिला आणि अशा पाण्याची कृती १७७२ मध्ये प्रसिद्ध केली. हाच कार्बन डायऑक्साइड बाटलीत दाबाखाली विरघळून असतो. हलवल्याने दाब फारसा वाढत नाही. मात्र वरच्या पोकळीतील वायू सूक्ष्म बुडबुड्यांच्या रूपाने द्रवात पसरतो. झाकण उघडताच दाब उतरतो, विरघळलेला वायू त्या बुडबुड्यांत शिरतो आणि ते फुगून द्रवास बाहेर लोटतात. उष्णताही यास साहाय्य करते. वातावरणीय दाबाखाली एक लिटर पाण्यात २० अंशांस सुमारे ०.८८ लिटर वायू मावतो, तर ४० अंशांस केवळ ०.५३ लिटर.

हेमंतात संचित झालेला कफ वसंतात सूर्यसंतापाने प्रकुपित होतो. तेथे संताप हा व्यंजक हेतू. तद्वत् येथे हादरा व उष्मा हे व्यंजक हेतू होत. उत्पादक हेतू आहे अपूर्ण संधान. पूर्ण सिद्ध आसव हलवल्यास पृष्ठभागी फेस येईल, परंतु ते उसळणार नाही. थंडीत मंदावलेले संधान संपले असे समजून बाटल्या भरल्या, तर उन्हाळ्यात ते पुन्हा सुरू होऊ शकते. एक ग्रॅम ग्लुकोजच्या संधानातून सुमारे पाव लिटर वायू निर्माण होतो. बंद काचेच्या बाटलीत तो किती घातक ठरेल, हे सांगणे नलगे.

म्हणून औषधनिर्मात्यांनी बाटल्या भरण्यापूर्वी संधानपात्रात पेटती काडी धरून पाहावी. ती विझल्यास संधान चालू आहे असे समजावे. हिवाळ्यातील प्रत्येक घाण्याचा नमुना काही दिवस उबदार जागी ठेवून पुन्हा तपासावा. विक्रेत्यांनी बाटली गार जागी स्थिर ठेवून मगच सावकाश उघडावी. तरीही ती उसळल्यास रुग्णास न देता त्या घाण्याच्या सर्व बाटल्या बाजूला काढून निर्मात्यास कळवावे. फेस पुसून बाटली पुन्हा फळीवर ठेवणे म्हणजे लक्षण झाकून व्याधी पोसणे होय.