विज्ञानकथाकाराच्या घरात

मैत्रिणींनो, लेखकाची बायको कशी असते हे आम्हां नगरकरणींना कोणी सांगायला नको. आमच्या गावाला आता कागदोपत्री अहिल्यानगर म्हणतात. पण याच नगरात आणि राहुरीत लक्ष्मीबाई टिळकांनी कवी नवऱ्याचा संसार केला. शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाईला नवऱ्याने अक्षरओळख करून दिली आणि पुढे त्या बाईने ‘स्मृतिचित्रे’ लिहिली. कवीचे घर कसे चालते, पैसा कसा टिकत नाही, पाहुणा कसा संपत नाही, ते सगळे त्यात आहे.

पण विज्ञानकथा लिहिणाऱ्याचे घर? तिथे भाजी संपली हे कोण सांगते? सूर्य-तारे, यंत्रमानव आणि परग्रहावरची माणसे डोक्यात घेऊन वावरणारा माणूस सकाळी दूध आणायला जातो का? माझ्या डोक्यात हा किडा बरेच दिवस वळवळत होता. म्हणून जिल्हा वाचनालयातून (१८३८ सालचे आहे बरं का आपले वाचनालय!) जयंत नारळीकरांचे आत्मचरित्र आणले. नाव ‘चार नगरांतले माझे विश्व’. नाव वाचून क्षणभर हुरळले. पण ती चार नगरे म्हणजे बनारस, केंब्रिज, मुंबई आणि पुणे. आमचे नगर त्यात नाही. असो.

नारळीकरांचा जन्म १९३८ चा, कोल्हापूरचा. वाढले मात्र बनारसला. वडील तिथल्या हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक, आई सुमतीबाई संस्कृतच्या जाणकार. म्हणजे घरात पुस्तकांना तोटा नाही. घरात एक फळा होता. त्यावर मोरूमामा भाच्यासाठी गणिताचे कोडे लिहून ठेवायचे आणि ते सुटेपर्यंत फळा पुसायचा नाही! आपल्याकडे फळ्यावर दुधाचा हिशेब असतो, त्यांच्याकडे हे.

पुढे ते केंब्रिजला शिकायला गेले. तिथे त्यांचे गुरू फ्रेड हॉईल. हे गृहस्थ नावाजलेले खगोलशास्त्रज्ञ, आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहीत. सूर्य आणि पृथ्वी यांच्यामध्ये एक काळा ढग येऊन थांबतो, अशी त्यांची एक कादंबरी १९५७ साली आली. गुरूच गोष्टी लिहितो म्हटल्यावर शिष्याला ओढ लागली तर नवल काय!

आता खरी गंमत ऐका. नारळीकर १९७२ मध्ये भारतात परत आले, मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करू लागले. एकदा अहमदाबादला एका परिषदेत कंटाळवाणे भाषण चालले होते. श्रोते पेंगत होते. आपण अशा वेळी काय करतो? हळदीकुंकवाची यादी करतो. यांनी परिषदेच्या कागदांवर गोष्ट लिहायला घेतली. तीच ‘कृष्णविवर’. कृष्णविवर म्हणजे असा तारा, की ज्याच्या ओढीतून प्रकाशसुद्धा सुटत नाही आणि ज्याच्या जवळ घड्याळ सावकाश चालते.

१९७४ च्या मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ही गोष्ट पाठवायची होती. पण नाव वाचूनच कोणी बक्षीस द्यायला नको. म्हणून आद्याक्षरे उलटी केली आणि लेखक झाले नारायण विनायक जगताप! तरी अक्षर ओळखीचे. मग सगळी गोष्ट पत्नीने, मंगलाताईंनी, स्वतःच्या अक्षरात उतरवून दिली. पहिले बक्षीस मिळाले. दुसऱ्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षीय भाषणात दुर्गाबाई भागवतांनी या नव्या कथांची दखल घेतली.

इथे मी पुस्तक मिटून ठेवले. कारण ते अक्षर कोणाचे होते, बघा. मंगला राजवाडे १९६४ साली मुंबई विद्यापीठात गणितात एम.ए. झाल्या, पहिल्या आल्या, सुवर्णपदक मिळवले. दोन वर्षे त्याच टाटा संस्थेत काम केले. १९६६ साली लग्न झाले आणि केंब्रिजला गेल्या. तिथे काही काळ शिकवलेही. मग मुली, वडीलधारी माणसे, आल्यागेल्याचे. पीएच.डी. झाली ती १९८१ मध्ये. एम.ए.नंतर सतरा वर्षांनी! आपली कहाणी आपल्या पिढीतल्या शिकलेल्या पुष्कळ बायकांसारखीच, असे त्यांनी पुढे लिहिले. तक्रारीच्या सुरात नाही हो. पण मला मात्र वाचताना लागले. संशोधनाची सतरा वर्षे कुठे गेली, हे कुठल्या दुर्बिणीतून दिसायचे?

तरी त्या बसून राहिल्या नाहीत. ‘गणिताच्या सोप्या वाटा’ त्यांचेच. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात पंचवीसऐवजी ‘वीस पाच’ आले आणि घरोघर आयांनी कपाळाला हात लावला, आठवते ना? बालभारतीच्या गणित समितीच्या प्रमुख मंगलाताईच होत्या. मूल पंचवीस ऐकते तेव्हा आधी पाच ऐकते आणि लिहिताना आधी दोन लिहावे लागते, गोंधळ तिथे होतो, हे त्यांचे म्हणणे. मला स्वतःला पंचवीसच गोड वाटते. पण माझ्या धाकट्याने बावन्नचे पंचवीस किती वेळा केले, ते मीच जाणते.

प्रवासाचेही तसेच. परिषदा, व्याख्याने यांमुळे दोघांनी पुष्कळ देश पाहिले. साहेबांबरोबर मिरवून येणाऱ्या बायका असतात. मंगलाताईंनी परत येऊन ‘पाहिलेले देश, भेटलेली माणसं’ हे पुस्तक लिहिले.

नारळीकरांची एक सवय मला फार आवडली. मुले सहीसाठी वह्या पुढे करीत, तेव्हा ते म्हणायचे, सही नको, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव. उत्तर आले की खाली सही असायचीच. तुमच्या घरी ‘का, का’ विचारून भंडावणारे कार्टे असेल तर ‘यक्षांची देणगी’तली ‘उजव्या सोंडेचा गणपती’ ही कथा त्याला वाचून दाखवा. त्याआधी एक करा. कागदाची लांब पट्टी कापा, एका टोकाला अर्धा पीळ द्या आणि दोन्ही टोके खळीने चिकटवा. आता पेन्सिल न उचलता मधोमध रेघ ओढत जा. रेघ दोन्ही बाजूंनी फिरून सुरुवातीला येते, कारण या पट्टीला बाजू एकच! मग त्याच रेघेवरून कात्री चालवा. दोन कडी होतील असे वाटते ना? करूनच पाहा. कथेत डाव्याचे उजवे कसे होते, ते त्यानंतर मुलाला पटकन कळेल.

मंगलाताई १७ जुलै २०२३ ला गेल्या, नारळीकर २० मे २०२५ ला. मी परवा वाचनालयात मंगलाताईंचे प्रवासाचे पुस्तक मागायला गेले, तर कोणीतरी आधीच नेलेले. रजिस्टरात दुसरा नंबर माझा आहे.