सल्ला देणाऱ्याचा नंबर

निवृत्तीच्या महिन्यात ग्रॅच्युइटी, फंड आणि शिल्लक रजेचे पैसे एकदम खात्यात जमा होतात आणि आठवडा उलटायच्या आत फोन सुरू होतात. बँकेतला रिलेशनशिप मॅनेजर चहाला बोलावतो. सोसायटीतला विमा एजंट घरी येऊन बसतो. भाचा म्हणतो, ‘माझ्या ओळखीचा एक फायनान्शियल प्लॅनर आहे, भेटून तर बघा.’ या लेखमालेच्या मागच्या भागात घरखर्चाचा आणि अडीनडीच्या निधीचा हिशेब मांडला होता. तो कागद घेऊन नेमकं कुणासमोर बसायचं, हे या भागात पाहू.

व्हिजिटिंग कार्डावर ‘वेल्थ मॅनेजर’, ‘फायनान्शियल कन्सल्टंट’, ‘इन्व्हेस्टमेंट एक्स्पर्ट’ असं काहीही छापलेलं असू शकतं. अशा बिरुदांमागे परीक्षा, परवाना असेलच असं नाही. बघायचा तो नोंदणी क्रमांक. त्यावरून दोन गोष्टी कळतात: या माणसाला पैसे कोण देतं आणि चुकलं तर तो कुणाला जबाबदार आहे. त्याचा स्वभाव, अनुभव, ओळखी या सगळ्याचा विचार त्यानंतर.

क्रमांक ‘आयएनए’ या अक्षरांनी सुरू होत असेल, तर समोरची व्यक्ती सेबीकडे, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाकडे, नोंदलेली गुंतवणूक सल्लागार आहे. सेबीचे याविषयीचे नियम जानेवारी २०१३ मध्ये आले. त्यानुसार सल्लागाराला एनआयएसएम या संस्थेच्या दोन परीक्षा द्याव्या लागतात आणि दोन्हींत किमान ६० टक्के गुण मिळवावे लागतात. (सेबीनेच उभी केलेली ही संस्था रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला आहे.) असा सल्लागार ज्या ग्राहकाकडून फी घेतो, त्याच ग्राहकाच्या गुंतवणुकीवर कंपन्यांकडून कमिशन घेऊ शकत नाही. २०२० च्या दुरुस्तीने हे बंधन ग्राहकाच्या कुटुंबालाही लागू झालं. म्हणजे वडिलांकडून फी घेऊन मुलाच्या नावावर कमिशनचा फंड विकायची पळवाट बंद झाली.

कार्डावर ‘एआरएन’ असेल, तर तो म्युच्युअल फंडाचा वितरक. त्याची परीक्षा वेगळी, सोपी आणि उत्पन्नाचा मार्गही वेगळा. ग्राहक त्याला वेगळी फी देत नाही. फंड कंपनी त्याला दरवर्षी कमिशन देते आणि ते ग्राहकाच्याच गुंतवणुकीतून वजा होतं. १ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक फंडाचा कमिशन नसलेला ‘डायरेक्ट’ पर्याय मिळू लागला. दोन्हींतला फरक समजायला एक गणित करू. दरमहा १० हजारांची एसआयपी वीस वर्षं चालली आणि १२ टक्के परतावा मिळाला असं धरलं, तर जवळपास एक कोटी रुपये होतात. परतावा ११ टक्के धरला, तर ८७ लाखांच्या आसपास. एका टक्क्यापायी साडेबारा लाखांचा फरक पडतो.

याचा अर्थ वितरक लबाड असतो, असा मुळीच नाही. तालुक्याच्या गावात लोकांना एसआयपीची सवय लावणारा आणि बाजार पडला की ‘थांबा, काढू नका’ म्हणून सांगणारा बहुतेक वेळा वितरकच असतो. त्या कामाचा मोबदला त्याने घ्यावा. पण ग्राहकाला तो मोबदला माहीत असायला हवा आणि वितरकाने स्वतःला तटस्थ सल्लागार म्हणवून घेऊ नये. सेबीनेही २०२० मध्ये नेमकं हेच सांगितलं. सल्लागार म्हणून नोंदणी नसलेल्या वितरकाला ‘इंडिपेंडंट फायनान्शियल अॅडव्हायझर’ किंवा ‘वेल्थ अॅडव्हायझर’ हे नाव लावता येत नाही. तरीही जुन्या पाट्या अजून दिसतात.

तिसरा गट विमा एजंटांचा आणि तो सर्वांत मोठा. एकट्या एलआयसीचे एजंट १३ लाखांहून अधिक आहेत, तर देशभरातले नोंदणीकृत गुंतवणूक सल्लागार हजाराच्या आसपास. त्यामुळे सर्वसामान्य घरात ‘आर्थिक सल्ला’ या नावाने जे पोचतं, ते बहुतांश वेळा विम्याची विक्री असते.

ती कशी होते, हे एका नमुन्यावरून बघण्यासारखं आहे. निवृत्त शिक्षक बँकेत मुदत ठेवीचं नूतनीकरण करायला जातात. ‘सर, एफडीपेक्षा चांगलं काहीतरी आहे’ म्हणून त्यांच्यासमोर दोन पानांचा तक्ता ठेवला जातो. तक्त्यात परताव्याचे दोन रकाने असतात, एक ४ टक्क्यांचा आणि एक ८ टक्क्यांचा. बोट नेहमी आठच्या रकान्यावर फिरतं. हे दोन्ही दर गृहीत धरलेले आहेत, हमी दिलेले नव्हेत, हे खाली बारीक अक्षरांत छापलेलं असतं. सर पाच लाखांवर सही करतात. पुढच्या वर्षी त्याच तारखेच्या आसपास आणखी पाच लाख भरण्याची सूचना येते, तेव्हा उलगडा होतो की ही ठेव नव्हती, दहा वर्षं हप्ते भरायची विमा पॉलिसी होती. पॉलिसी परत करायची मुदत आता ३० दिवसांची आहे, पण ती केव्हाच उलटून गेलेली असते. हप्ता थांबवावा तर भरलेल्या रकमेचा मोठा भाग बुडतो, भरत राहावं तर पेन्शन पुरत नाही.

हा प्रकार एखाद्या शाखेपुरता नाही. मोनिका हालन, रेणुका साने आणि सुसान थॉमस यांनी चुकीच्या पद्धतीने विकल्या गेलेल्या आयुर्विमा पॉलिसींचा अभ्यास केला होता. २००४-०५ ते २०११-१२ या काळात ग्राहकांचं दीड लाख कोटी रुपयांहून अधिक नुकसान झालं, असा त्यांचा अंदाज आहे. यातले विक्रेते परवानाधारकच होते. परवाना मात्र विकण्याचा होता, सल्ल्याचा नव्हता. नोंदणीकृत सल्लागाराला ग्राहकाची जोखीम सोसायची ताकद तपासावी लागते, ती लेखी नोंदवावी लागते आणि दिलेला सल्ला तिला जुळतो का, हे दाखवावं लागतं. या नोंदी पाच वर्षं जपून ठेवाव्या लागतात. सरांच्या फाइलमध्ये असा एखादा कागद असता, तर ६० वर्षांच्या माणसाला दहा वर्षांचे हप्ते कसे सुचवले, हा प्रश्न कुणाला तरी विचारता आला असता.

आता ‘सीएफपी’विषयी. सर्टिफाइड फायनान्शियल प्लॅनर ही मूळची अमेरिकेतली पदवी; १९७३ मध्ये तिथे ४२ जणांची पहिली तुकडी बाहेर पडली. भारतात ती एफपीएसबी इंडियामार्फत मिळते. गुंतवणूक, विमा, कर, निवृत्ती, वारसा या सगळ्यांची सांगड कशी घालायची, हे या अभ्यासक्रमात शिकवलं जातं. परीक्षेबरोबर कामाचा अनुभव आणि आचारसंहिताही असते. शिक्षण म्हणून ही पदवी वजनदार आहे, यात शंका नाही. पण पदवी म्हणजे परवाना नव्हे. सीएफपी असलेली व्यक्ती सेबीची नोंदणीकृत सल्लागार असू शकते, वितरक असू शकते किंवा बँकेत नोकरीलाही असू शकते. सीएच्या बाबतीतही तेच. स्वतःच्या व्यवसायाच्या ओघात अशिलाला गुंतवणुकीचं दोन शब्द सांगायची त्यांना मुभा आहे. त्यापुढे सल्लागार म्हणून दुकान थाटायचं तर नोंदणी लागते.

मोबाइलवरच्या गुरूंनी हा प्रश्न आणखी तातडीचा केला आहे. ‘बाप ऑफ चार्ट’ नावाने चॅनेल चालवणारे मोहम्मद नसीरुद्दीन अन्सारी यांच्याविरुद्ध सेबीने ऑक्टोबर २०२३ मध्ये अंतरिम आदेश काढला आणि १७.२ कोटी रुपये जमा करायला सांगितलं. शिकवणीच्या नावाखाली नोंदणीशिवाय शेअर खरेदी-विक्रीचे सल्ले दिले, असा आरोप होता. त्याच वर्षी मे महिन्यात पी. आर. सुंदर यांनी विनानोंदणी सल्ल्याच्या प्रकरणात सेबीशी तडजोड केली. आरोप मान्य वा अमान्य न करता सहा कोटींहून अधिक रक्कम परत करायला आणि वर्षभर बाजारापासून दूर राहायला ते तयार झाले. दोघांचेही अनुयायी लाखांत होते. अनुयायांचा आकडा प्रत्येकाला दिसत होता, नोंदणी क्रमांक विचारणारे थोडे होते.

क्रमांक असला म्हणजे डोळे मिटावेत, असंही नाही. बर्नार्ड मॅडॉफची कंपनी २००६ मध्ये अमेरिकेच्या नियामकाकडे गुंतवणूक सल्लागार म्हणून रीतसर नोंदली गेली होती आणि डिसेंबर २००८ मध्ये त्याचा महाघोटाळा उघडकीस आला. तिथे सल्ला देणारा तोच, पैसे सांभाळणारा तोच आणि हिशेबाची पत्रकं छापणाराही तोच होता. म्हणून सल्लागाराच्या खात्यात फक्त त्याची फी जावी, आणि तीही चेकने किंवा बँकेतून. रोखीने फी घ्यायला नियमांतच मनाई आहे. गुंतवणुकीचे पैसे थेट फंड कंपनीकडे किंवा स्वतःच्या डीमॅट खात्याच्या व्यवहारात जावेत. ‘माझ्या खात्यावर टाका, मी लावतो’ हे वाक्य कानावर पडलं की उठून यावं.

डिसेंबर २०२४ मध्ये सेबीने पात्रतेच्या अटी सैल केल्या. पदव्युत्तर शिक्षणाऐवजी पदवी पुरेशी झाली आणि अनुभवाची अट गेली. एवढ्या मोठ्या देशात जेमतेम हजार सल्लागार असताना हे करणं भागच होतं. पण त्यामुळे नोंदणी बघून झाल्यावर ‘किती वर्षं काम करता, कोणत्या प्रकारच्या कुटुंबांसाठी करता’ हे विचारण्याची गरज वाढली आहे.

तपासायला दहा मिनिटंही लागत नाहीत. सेबीच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत मध्यस्थांची यादी आहे. तिथे नाव किंवा क्रमांक टाकला की पत्ता आणि नोंदणीची मुदत दिसते. एआरएन ‘अॅम्फी’ या म्युच्युअल फंड कंपन्यांच्या संघटनेच्या संकेतस्थळावर तपासता येतो. नाव, क्रमांक आणि समोर बसलेला माणूस एकच आहे, याचीही खात्री करावी; दुसऱ्याचा क्रमांक वापरून फसवणाऱ्यांची तोतयेगिरी सध्या वाढली आहे. ‘कंपनीची नोंदणी आहे, माझी वेगळी लागत नाही’ असं कुणी म्हणालं, तर कंपनीला तिच्या अधिकृत पत्त्यावर विचारावं. फी ठरीव असेल, तर एका कुटुंबाकडून वर्षाला १,५१,००० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही आणि लेखी करार झाल्याशिवाय पहिला रुपयाही मागता येत नाही.

वाद झालाच, तर सेबीच्या ‘स्कोअर्स’ पोर्टलवर तक्रार करता येते आणि सल्लागाराला २१ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. समाधान झालं नाही, तर पुढे ऑनलाइन लवादाची सोय आहे. ज्याची नोंदणीच नाही, त्याच्याविरुद्ध ही वाट उपलब्ध नसते. मग उरतं पोलीस ठाणं, न्यायालय आणि वर्षानुवर्षांची पायपीट.

पुढच्या भागात: सल्लागाराबरोबरचा करार कलमाकलमाने कसा वाचावा.