तीन तारांतील विषमता व पंपाची मोटार

विहिरीवरील विजेची मोटार जळाली म्हणजे दोष बहुधा मोटारीस अथवा ती भरून देणाऱ्या कारागिरास दिला जातो. परंतु पुष्कळदां खरें कारण तारांत असतें. तें म्हणजे दाबाची विषमता. ऐन हंगामांत उभें पीक वाळूं द्यावयाचें नसेल तर ही बाब शेतकरी बंधूंनीं समजून घेतली पाहिजे.

तिन्ही फेजांचा दाब सारखा असला म्हणजे मोटारींत एकाच दिशेनें फिरणारें चुंबकीय क्षेत्र उत्पन्न होतें. दाब विषम झाला कीं उलट फिरणारें दुसरें क्षेत्रही निर्माण होतें. फोर्टेस्क्यू या विद्युत्शास्त्रज्ञानें १९१८ सालीं हें गणितानें मांडलें. नांगराच्या जोड्यांपैकीं एक उलट जुंपावी तसाच हा प्रकार; काम थोडें, कष्ट फार.

विषमता काढण्याची रीत सोपी आहे. दोन-दोन तारांमधील तीन दाब मोजून सरासरी काढावी. सरासरीपासून सर्वांत मोठा फरक शंभरानें गुणून सरासरीनें भागावा. ४१०, ४०० व ३७५ व्होल्ट यांची सरासरी ३९५. मोठा फरक २०. विषमता सुमारें ५ टक्के. आंकडा लहान दिसतो, पण प्रवाहांतील विषमता याच्या सहा ते दहा पट होऊं शकते, व मोटारीची उष्णता स्थूलमानानें ५० टक्क्यांनीं चढते. म्हणून विषमता १ टक्क्याच्या आंत असावी. ५ टक्क्यांपुढें मोटार चालवूं नये.

एकाच फेजवर पडलेला घरगुती भार, सैल जोड, जळालेला फ्यूज हीं याचीं मुख्य कारणें होत. कपॅसिटर लावून दोन फेजांवर मोटार चालविणारा तर स्वतःबरोबर त्याच डीपीवरील शेजाऱ्यांचेंही नुकसान करतो.

दोष कोठें आहे हें ओळखण्यासाठीं परवानाधारक वायरमनकडून तिन्ही प्रवाह मोजवावे. नंतर मुख्य स्विच बंद करून मोटारीच्या तिन्ही तारा क्रमानें एकेक घर पुढें जोडवाव्या व पुन्हां मोजवावें; यानें फिरण्याची दिशा बदलत नाहीं. अधिक प्रवाह पुरवठ्याच्या त्याच फेजवर राहिला तर दोष पुरवठ्याचा. मोटारीच्या तारेबरोबर सरकला तर दोष मोटारीचा किंवा तिच्या केबलचा समजावा.

दोष पुरवठ्याचा ठरल्यास तिन्ही दाब तारीखवार लिहून, डीपीवरील सर्व खातेदारांच्या सह्यांनिशीं वीज कार्यालयांत अर्ज द्यावा व पोंच घ्यावी. तोंडी तक्रारीपेक्षां लेखी आंकड्यास वजन अधिक असतें.