धोट्याच्या ठेक्यावर: लँकेशायरच्या क्लॉग नृत्याचा मागोवा

क्लॉग नृत्य ही उत्तर इंग्लंडमधल्या कामगारांची कला. डरहॅमचे खाणकामगारही ते नाचत, पण लँकेशायरच्या कापड गिरण्यांत त्याला स्वतःचा ठेका मिळाला. नेल्सन, बर्नली, प्रेस्टन, ओल्डहॅम ही सारी गिरण्यांची गावे. मुंबईच्या गिरण्यांना यंत्रे पुरवणारी प्लॅट ब्रदर्स कंपनी ओल्डहॅमचीच. क्लॉग म्हणजे वर चामडे, खाली लाकडाचा जाड तळ आणि त्याला ठोकलेल्या नालेच्या आकाराच्या लोखंडी पट्ट्या. गिरणीतल्या ओल्या, तेलकट जमिनीवर हे पायताण टिकायचे आणि कामगाराला परवडायचेही.

लँकेशायर मागावर धोटा मिनिटाला सुमारे 200 वेळा इकडून तिकडे जाई. एकेका साचेखात्यात असे शेकडो माग एकाच वेळी चालत. शेजारी उभ्या असलेल्या बाईचे बोलणे ऐकू येत नसे, म्हणून विणकर बायका एकमेकींच्या ओठांकडे पाहून बोलणे ओळखत. या आवाजात उभ्या उभ्या टाच आणि चवडा आपटत कामगार मागाचा ठेका धरू लागले आणि त्यातूनच नृत्य आकाराला आले, असे तिथली परंपरा सांगते. नाचताना कमरेच्या वरचे अंग जवळजवळ स्थिर, हात सैल आणि सारे काम पावलांचे. कथकच्या ततकाराप्रमाणे इथेही डोळ्यांपेक्षा कानांचे समाधान आधी. जुन्या स्पर्धांत काही परीक्षक चक्क रंगमंचाखाली बसून ठोक्यांची सफाई तपासत. पाऊल दिसायला कितीही सुंदर असो, ठोका चुकला की गुण गेले.

या कलेत मुले पहिल्यापासून होती, आणि त्यामागे कष्टाचे वास्तव होते. अर्धा दिवस गिरणीत आणि अर्धा दिवस शाळेत, असे लँकेशायरच्या असंख्य मुलांचे बालपण गेले. ही पद्धत बंद करणारा कायदा व्हायला 1918 साल उजाडले. दरम्यान क्लॉग नृत्य संगीत-रंगभूमीवर पोहोचले होते. 1880 मध्ये लीड्सच्या स्पर्धेत विजेता ठरलेला डॅन लेनो पुढे त्या रंगभूमीचा मोठा विनोदी नट झाला. ‘एट लँकेशायर लॅड्स’ हे तर मुलांचेच पथक. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, दहा वर्षांचाही नसताना, चार्ली चॅप्लिन त्यात दाखल झाला. त्याची व्यावसायिक रंगभूमीवरची उमेदवारी अशी क्लॉगच्या ठोक्यांवर सुरू झाली.

पहिल्या महायुद्धानंतर ओहोटी लागली. सिनेमा आला, गिरण्या आटू लागल्या, क्लॉग गरिबीची खूण वाटू लागले. 1960 मध्ये फ्रेडरिक अ‍ॅश्टनने ‘ला फीय माल गार्दे’ या बॅलेत विधवा सिमोनला क्लॉग घालून नाचवले. त्या प्रसंगाने ही पावले देशोदेशींच्या प्रेक्षकांपर्यंत नेली, पण कला जगवण्याचे श्रेय त्याला देता येणार नाही. ते जाते घरोघरच्या जुन्या नर्तकांना. संगीत-रंगभूमीवरून निवृत्त झालेल्या सॅम शेरी यांनी तरुणांना पावले शिकवली. घरात शिकलेली पावले पॅट ट्रेसी यांनी लंडनच्या वर्गांतून पुढच्या पिढीला दिली. लिखित नोंदी उपयोगी पडल्या, तरी ठोक्याचे वजन समोर बसूनच कळते.

बर्नलीजवळची क्वीन स्ट्रीट मिल 1982 मध्ये बंद पडली. मुंबईच्या गिरण्यांत संप सुरू झाला तेही हेच साल. पुढे या मिलचे संग्रहालय झाले. वाफेचे इंजिन आणि सुमारे 300 माग तिथे राखलेले आहेत. चालू माग कानांनी ऐकला की या नृत्यातली घाई आणि एकसुरीपणा मोडणारे खटके कुठून आले ते चटकन उमगते. म्हणून तरुणांच्या नृत्यवर्गाची सुरुवात गिरणीत व्हावी, तालीम-खोलीत नव्हे. नव्या प्रयोगांतही हे श्रमाचे मूळ जाणवते: डीमन बार्बर्ससारख्या पथकाने क्लॉगला हिप-हॉपसोबत उभे केले. हा मेळ सच्चा वाटतो, कारण दोन्ही कला श्रमिक वस्त्यांतच वाढल्या.

आज शिकणारे आहेत आणि शिकवणारेही आहेत, मात्र लाकडी तळ हाताने कोरणारे कारागीर मोजकेच उरले आहेत. नृत्यवर्गांना मदत देणाऱ्या संस्थांनी या कारागिरांकडे उमेदवारी करणाऱ्या तरुणांनाही विद्यावेतन द्यायला हवे.