बेचाळीस वर्षांत एकही बेडसोर नाही

मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथेच अमानुष हल्ला झाला. मेंदूचा प्राणवायूपुरवठा तुटल्याने त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. पुढची जवळजवळ ४२ वर्षं त्यांना केईएमच्या परिचारिकांनीच सांभाळलं.

सांभाळलं म्हणजे काय केलं? अशा रुग्णाच्या माकडहाडावर, टाचांवर सतत दाब येतो आणि काही दिवसांतच कातडी फाटू लागते. म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची, ओलं झालेलं अंग लगेच कोरडं करायचं, चादरीला सुरकुतीही राहू द्यायची नाही. रात्रपाळीतही हे चुकवायचं नाही. इतक्या वर्षांत त्यांना एकही बेडसोर झाला नाही! शुश्रूषेचं याहून मोठं प्रशस्तिपत्रक मला तरी ठाऊक नाही.

जुन्या सिस्टर निवृत्त झाल्या, हल्ल्यानंतर जन्मलेल्या मुली नर्सिंग शिकून रुजू झाल्या. त्यांनीही अरुणाताईंना आपलंच मानलं. ताईंना आवडते म्हणून मासळी भरवली.

त्यांच्यासाठी केलेली दयामरणाची याचिका सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी फेटाळली आणि त्यांच्या वतीने बोलण्याचा हक्क केईएमच्या कर्मचाऱ्यांचा मानला. नात्याने कुणी नसलेल्या या माणसांना त्या जगायला हव्या होत्या.

१८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने, केईएमच्याच अतिदक्षता विभागात त्यांचं निधन झालं.