विश्लेषण : नव्या प्लॉटिंगमध्ये फुटपाथ नेमका कुठे हरवतो?

शहरालगत 'एनए प्लॉट'च्या जाहिरातींत रुंद रस्ते, बाग आणि पथदिवे हमखास दिसतात. प्रत्यक्षात दहा वर्षांनी त्याच वसाहतीत शाळेत जाणारी मुले आणि फिरायला निघालेले ज्येष्ठ नागरिक दुचाक्यांच्या मधून वाट काढत असतात. चालण्याची जागा नंतर कोणी हिरावून घेत नाही. बहुतेकदा ती रेखांकनातच सोडलेली नसते.

नियम काय सांगतो?

मुंबई आणि आणखी काही क्षेत्रे वगळता राज्यात डिसेंबर २०२० पासून एकात्मिक विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. त्यानुसार निवासी रेखांकनातील अंतर्गत रस्त्याची रुंदी त्याच्या लांबीवर ठरते : १५० मीटरपर्यंत ९ मीटर, ३०० मीटरपर्यंत १२ मीटर आणि त्यापुढे १५ मीटर. जमीन ०.४ हेक्टर किंवा अधिक असेल तर १० टक्के मोकळी जागा सोडावी लागते. एक एकर म्हणजे साधारण ४,०४७ चौरस मीटर. म्हणजे एकरभर जमिनीत सुमारे चार गुंठे मोकळे हवेत.

मग ९ मीटरमध्ये फुटपाथ बसतो का?

बसतो, पण जेमतेम. पादचारी सुविधांविषयीच्या भारतीय रस्ते काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांनुसार चालण्यासाठी किमान १.८ मीटर अडथळामुक्त रुंदी हवी आणि फुटपाथची उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. दोन्ही बाजूंना १.८ मीटर सोडले की डांबरी रस्त्याला ५.४ मीटर उरतात. दोन मोटारी हळूहळू एकमेकींना ओलांडू शकतात, एवढे ते पुरेसे आहे. अडचण पुढे येते. विजेचे खांब, डीपी, पावसाळी गटार, झाडे आणि पाहुण्यांच्या गाड्या कुठे ठेवायच्या? हे आधी ठरवले नाही तर सगळे फुटपाथवरच येते. अशा अरुंद रस्त्यावर दोन्ही बाजूंना मीटरभराचे तुटके पट्टे करण्यापेक्षा बंदिस्त गटारावर एकाच बाजूला दोन मीटरचा सलग फुटपाथ आणि समोरच्या बाजूला झाडे व खांब, ही मांडणी अधिक उपयोगी पडते.

प्लॉटच्या आकाराचा चालण्याशी काय संबंध?

इथे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. शंभर मीटर रस्त्यावर १५ मीटर दर्शनी रुंदीचे प्लॉट असतील तर एका बाजूला सहा फाटके येतात. ९ मीटरचे असतील तर अकरा. प्रत्येक फाटकासमोर गाडी आत घेण्यासाठी सिमेंटचा उतार बांधला जातो आणि फुटपाथ दर नऊ मीटरला चढ-उतार करू लागतो. काठी घेऊन चालणारे आजोबा मग सरळ रस्त्यावर उतरतात. उपाय महागडा नाही : फुटपाथची पातळी सलग ठेवायची आणि चढ मोटारीला द्यायचा.

याचा अर्थ छोटे प्लॉट वाईट, असा मुळीच नाही. गुंठाभर, म्हणजे १,०८९ चौरस फूट जागाच परवडणारी कुटुंबे असंख्य आहेत. शिवाय वस्ती दाट असेल तर किराणा दुकान आणि बसथांबा चालत जाण्याइतके जवळ येतात. प्रश्न मंजुरीविना पाडलेल्या गुंठ्यांचा आहे. तिथे ना रस्त्याची रुंदी पाळली जाते, ना मोकळी जागा. अशी बांधकामे नियमित करण्यासाठी राज्याला २००१ मध्ये गुंठेवारीचा स्वतंत्र कायदा करावा लागला आणि २०२१ मध्ये त्याची मुदत डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांसाठी वाढवावी लागली. कागद नियमित होतो. सहा फुटांची बोळ मात्र रुंद होत नाही.

पायवाटा कशासाठी?

प्लॉटची लांबलचक रांग आणि मागे कुंपणभिंत असली की पलीकडची शाळा दोनशे मीटरवर असूनही वळसा किलोमीटरचा पडतो. रांगेच्या मध्ये तीन मीटरची पायवाट ठेवली तर हा वळसा वाचतो. विकासकाचे विक्रीयोग्य क्षेत्र त्यामुळे थोडे घटते, आणि ती बहुधा नकाशावर येत नाही त्याचे कारणही हेच. नाल्याकाठी बांधकामाला मनाई असलेला पट्टा तर आयताच मिळतो. मोकळी जागा वसाहतीच्या मधोमध आणि अशा पायवाटांनी जोडलेली असेल तर तिचा वापर होतो. कोपऱ्यातल्या, कोणालाच नको असलेल्या त्रिकोणी तुकड्यात नियमाचे टक्के भरतात, पण तिथे गवत वाढते.

खरेदीपूर्वी काय पाहावे?

माहितीपत्रक नव्हे, तर नियोजन प्राधिकरणाचा शिक्का असलेला मंजूर नकाशा मागावा. मंजुरी तात्पुरती आहे की मोजणीनंतरची अंतिम, हे विचारावे. ५०० चौरस मीटरहून मोठ्या जमिनीवरील प्लॉटिंगला महारेराची नोंदणी लागते. ती संकेतस्थळावर तपासता येते. नकाशातील रस्त्याची रुंदी जागेवर टेप लावून मोजण्यास कोणाची हरकत नसावी. अंतर दोन्ही बाजूंच्या प्लॉटच्या हद्दींमध्ये मोजायचे, डांबराच्या कडांमध्ये नाही.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अडथळामुक्त फुटपाथचा वापर हा घटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे म्हटले. पण प्लॉट विकले जाऊन भिंती उभ्या राहिल्यावर अर्धा मीटर रुंदी मागायची, तर ती प्रत्येकाच्या अंगणातून घ्यावी लागते.