'स्टेनोसिस' : एका वैद्यकीय शब्दाचा अर्थ व उपयोग

आमच्या केळव्यासारख्या समुद्रकांठच्या गांवींहि आतां वैद्यकीय तपासणीचे कागद घरोघर आढळतात. पालघरास किंवा मुंबईस जाऊन आलेल्या वडील माणसाच्या कागदावर 'स्टेनोसिस' हा शब्द दिसला कीं घरांत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "नस बंद झाली, आतां कांहीं खरें नाहीं"; दुसरा म्हणतो, "वय झालें कीं असें व्हावयाचेंच." दोन्ही पक्ष शब्दाचा अर्थ न पाहतांच निकाल देतात. चिकित्सा हा डॉक्टरांचा अधिकार. तो आम्हांस नाहीं. परंतु शब्दाचा अर्थ उकलणें हा आमचा जन्मभराचा व्यवसाय. तेवढाच येथें करीत आहों.

मूळ शब्द ग्रीक आहे. 'स्टेनोस' म्हणजे अरुंद. कचेरींतील 'स्टेनो' हीहि त्याच कुळांतील. थोड्या जागेंत आंखडून लिहिणें ती स्टेनोग्राफी. वैद्यकांत मात्र, शरीरांतील एखादा मार्ग किंवा द्वार विकारामुळें अथवा जन्मतःच जरुरीपेक्षां अरुंद होऊन तसेंच राहणें, या अवस्थेस स्टेनोसिस म्हणतात. 'तसेंच राहणें' हे शब्द वाचकांनीं ध्यानांत ठेवावे.

मराठींत यास काय म्हणावें? 'आकुंचन' चालणार नाहीं; हृदय क्षणोक्षणीं आकुंचन पावतें व पुन्हा प्रसरण पावतें, तो आरोग्याचाच धर्म आहे. 'अवरोध' म्हणजे मार्ग अडणें. स्टेनोसिसमध्यें मार्ग अरुंद झाला तरी बहुधा चालू असतो. हिंदींत 'संकीर्ण' म्हणजे अरुंद. पण मराठींत 'संकीर्ण' म्हटलें कीं निरनिराळ्या विषयांचें एकत्र गांठोडें डोळ्यांपुढें येतें. राहतां राहिला 'संकोच'. व्यवहारांत तो लाजेचा अर्थ घेऊन बसला आहे खरा. तथापि 'मार्गसंकोच' म्हटल्यास घोटाळा होत नाहीं. येथील पानवेलीच्या वाडींतील पाट पाहावा. पाटास बांध घातला, तो अवरोध. गाळ सांचून पाट निमुळता झाला, पाणी चालू आहे पण शेवटच्या वेलीस पुरत नाहीं, तो मार्गसंकोच.

आपल्या प्राचीनांस ही अवस्था ठाऊक होती. सुश्रुतसंहितेंत क्षुद्ररोगांमध्यें 'निरुद्धप्रकश' व 'सन्निरुद्धगुद' असे दोन विकार वर्णिले आहेत. पहिल्यावर उपाय म्हणून धातूची, लाकडाची किंवा लाखेची नळी तूप लावून घालावी व दर तीन दिवसांनीं ती अधिक जाड घेत जावी, असें सांगितलें आहे. हृदयाच्या रक्तवाहिनींत फुगा नेऊन ती रुंद करण्याच्या आजच्या क्रियेंतहि आंतून रुंदी वाढविण्याचेंच तत्त्व आहे. परंतु आमचें लक्ष नांवांकडे आहे. 'गुद' हें स्थान नांवांतच गोंविलें आहे. स्थानावांचून नुसता 'संकोच' म्हणजे कर्त्यावांचून वाक्य होय.

स्थान बदललें कीं अर्थ किती बदलतो, पाहा. महाधमनीच्या झडपेचें द्वार निरोगी माणसांत सुमारें ३ ते ४ चौरस सेंटिमीटर असतें. तें १ किंवा त्याहून कमी झालें तर संकोच तीव्र समजतात. बालपणीं घसा दुखून मग सांधे सुजविणारा ताप येतो, त्यानें हृदयाच्या डाव्या बाजूच्या द्विदल झडपेच्या पाकळ्या एकमेकींस चिकटतात; तोहि स्टेनोसिसच. पाठीच्या कण्यांतील नलिका अरुंद झाली, तर चालतांना पाय भरून येतात आणि पुढें वांकल्यावर किंवा बसल्यावर आराम पडतो. आणि तान्ह्या मुलाच्या जठराचें खालचें द्वार अरुंद झालें, तर बहुधा तिसऱ्या ते सहाव्या आठवड्याच्या सुमारास मूल पाजल्यावर जोरानें ओकतें व लगेच पुन्हा भुकेलें होतें. येथें घरगुती घुटीवर दिवस घालवूं नयेत. जर्मन शल्यवैद्य राम्स्टेट यांनीं १९१२ सालीं प्रसिद्ध केलेल्या लहानशा शस्त्रक्रियेनें तें मूल बरें होतें.

शेंकड्याच्या आंकड्यानेंहि फसगत होते. हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या तपासणींत '५० टक्के' असें लिहितात, तें बहुधा व्यासाविषयीं असतें. आमच्या विद्यार्थ्यांस आठवेल कीं, वर्तुळाचें क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाप्रमाणें बदलतें. व्यास निम्मा झाला म्हणजे वाट निम्मी नव्हे, चतुर्थांश उरते. ७० टक्के गेला म्हणजे शंभरांतले नऊच भाग उरतात. यासाठीं "निम्मी तरी उघडी आहे" हें समाधान खोटें, आणि "नस बंद झाली" हा आकांतहि खोटा.

तेव्हां कागदावर हा शब्द आढळल्यास डॉक्टरांस तीन प्रश्न विचारावे: संकोच कोणत्या मार्गाचा, किती, आणि कशामुळें? एकत्र कुटुंबांत घरांतील कोणी शिकलेल्या मुलानें किंवा सुनेनें हीं उत्तरें लिहून घ्यावीं व ज्याचा कागद आहे त्या वडिलांपासून तीं लपवूं नयेत. वडिलांनींहि जिना चढतांना लागणारा दम, छातींतील दुखणें किंवा घेरी वयाच्या माथीं मारून गप्प बसूं नये. महाधमनीच्या झडपेचा संकोच तीव्र असून अशीं लक्षणें दिसूं लागलीं, म्हणजे थांबण्यांत धोका असतो. शरीरांतील संकोच डॉक्टर पाहतील. सांगण्याचा संकोच तेवढा घरांतच सोडावा.